रोम : आरा पाचिसपासून टायटसच्या कमानीपर्यंत पायी

रोमला आलेले बहुतेक जण आधी कोलोसियम गाठतात. माझ्या मते तो शेवटी ठेवावा. स्पान्या मेट्रो स्थानकावर उतरून नदीच्या दिशेने चालत गेलं की काचेच्या इमारतीत आरा पाचिस, म्हणजे पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याची शांतिवेदी दिसते. तिथून कोलोसियम अडीच-तीन किलोमीटरवर आहे. मधल्या रस्त्यावर रोमन सम्राटांनी शांतता कशी मिळवली, आणि ती कशी मिरवली, हे ओळीने पाहायला मिळतं.

ऑगस्टस स्पेन आणि गॉलची (आजच्या फ्रान्सच्या परिसराची) घडी बसवून परतला, तेव्हा सिनेटने इ.स.पू. १३ मध्ये ही वेदी बांधायचं ठरवलं. अर्पण झालं ३० जानेवारी इ.स.पू. ९ रोजी. मूळ जागा युद्धदेव मार्सच्या मैदानात, फ्लामिनियन मार्गालगत होती. पुढे तिथे वर एक प्रासाद उभा राहिला आणि खालची जमीन पाण्याने भरली. १९३७-३८ मध्ये ती जमीन चक्क गोठवून उरलेले तुकडे बाहेर काढले आणि नदीकाठी जोडले.

इथे पुस्तक हातात धरून पाहणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. जोडताना वेदी पाव फेर फिरवली गेली. पायऱ्यांचं मुख्य दार पूर्वी पश्चिमेला होतं, आता ते दक्षिणेला आहे. म्हणून दिशा विसरा. मुख्य दाराकडे तोंड केलं की उजव्या हाताची लांब भिंत ती पुस्तकातली ‘दक्षिण भिंत’: ऑगस्टस, डोक्यावरून वस्त्र घेतलेला त्याचा जावई आणि सेनापती अग्रिप्पा आणि राजघराणं. मग मागच्या बाजूला जा. डावीकडे मुलं, फळं, गुरं यांच्यात बसलेली देवी आहे आणि उजवीकडे शस्त्रांच्या ढिगावर बसलेली रोमा, म्हणजे देवीच्या रूपातलं रोम. रोमाचं मूळ शिल्प फारच थोडं उरलंय, बाकीचं रेखाटून पूर्ण केलंय. तरी या दोघींना एकत्रच पाहायचं. एकीची सुबत्ता दुसरीच्या शस्त्रांवर उभी आहे.

बाहेर रिपेत्ता रस्त्याकडच्या भिंतीवर ऑगस्टसचं आत्मनिवेदन लॅटिनमध्ये कोरलंय. ते पाहायला तिकीट लागत नाही. तेराव्या परिच्छेदात तो सांगतो की विजयांतून शांतता आली म्हणजे दारांचा देव जानस याच्या मंदिराची दारं बंद करायची प्रथा होती, आणि आपल्या कारकिर्दीत ती तीनदा बंद झाली. सव्विसाव्यात एल्ब नदीच्या मुखापर्यंत जर्मानिया शांत केल्याचा दावा आहे. मात्र इ.स. ९ मध्ये ट्यूटोबुर्गच्या जंगलात जर्मन सरदार आर्मिनियुसने रोमन सेनापती वारुसच्या तीन लीजन (सैन्यतुकड्या) कापून काढल्या, त्याबद्दल अवाक्षर नाही. आपल्या लोकांनी एकतिसावा परिच्छेद चुकवू नये: भारतातल्या राजांचे दूत आपल्याकडे वारंवार आल्याचं तो तिथे अभिमानाने नोंदवतो.

पुढे फोरी इम्पेरियाली रस्त्यावर ऑगस्टसचा फोरम, म्हणजे सार्वजनिक चौक, कठड्यावरूनच नीट दिसतो. उभे असलेले तीन उंच खांब सूड घेणाऱ्या मार्सच्या मंदिराचे. मंदिराचा नवस इ.स.पू. ४२ चा, ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांविरुद्धच्या फिलिप्पीच्या लढाईतला. अर्पण इ.स.पू. २ मध्ये. रोमन सेनापती क्रॅससने इराणच्या पार्थियनांशी लढताना कार्‍हेला गमावलेली सैन्यचिन्हं इथे ठेवली होती. खरं तर ती पार्थियन राजाकडून वाटाघाटींनी परत मिळाली होती, पण मांडली मात्र युद्धदेवाच्या देवळात.

त्याच रस्त्यावर पुढे सम्राट व्हेस्पासियनच्या शांतिमंदिराचे अवशेष आहेत. घाईत ते सहज सुटतात. इ.स. ६९ मध्ये एका वर्षात चार सम्राट झाले, त्यातला शेवटचा व्हेस्पासियन; ७० मध्ये त्याचा मुलगा टायटस याच्या हाती ज्यूंचं जेरुसलेम पडलं आणि ७५ मध्ये हे मंदिर उभं राहिलं. जेरुसलेमच्या मंदिरातली सोन्याची लूट इथे ठेवल्याचं त्या काळातल्या ज्यू इतिहासकार जोसीफसने लिहिलंय.

तीच लूट टायटसच्या कमानीत कोरलेली दिसते. कमान रोमन फोरमच्या तिकिटाच्या हद्दीत येते. कोलोसियमकडून येताना कमानीच्या आतल्या डाव्या बाजूला पाहा: सात फाट्यांची समई, तुताऱ्या, पवित्र मेज. बाहेरच्या भागात जुनं-नवं ओळखायची खूण सोपी आहे. संगमरवर मूळचा, तर ट्रॅव्हर्टिन दगड आणि पन्हळी नसलेले खांब एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीचे.