ठळक छापलेला आकडा

‘ताई, रिपोर्टमध्ये एक आकडा ठळक आलाय, शेजारी खाली जाणारा बाण आहे. गोळ्या बंद करू का?’ हार्मोन्स सुरू केलेल्या ट्रान्स मैत्रिणी हे मला नेहमी विचारतात. स्वतःच्या मनाने काही बंद करू नकोस, हे मी लगेच सांगते. बाकीचं सांगायला वेळ लागतो.

आधी बघायचं ते हे, की बाण कशाच्या तुलनेत आहे. माझंच उदाहरण घ्या. हिमोग्लोबिन १२.८, बाण खाली. फॉर्मवर लिंग ‘पुरुष’ होतं, म्हणून १३ च्या खालचं सगळं कमी ठरलं. बायकांसाठी ही मर्यादा १२ आहे. टेस्टोस्टेरॉन दबलं की काही महिन्यांत हिमोग्लोबिन बायकांच्या पातळीकडे उतरतं, ते अपेक्षितच असतं. डॉक्टरांनी बघितलं आणि पुढच्या ओळीवर गेले. शिवाय ‘नॉर्मल’ची चौकट बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून आखलेली असते. वीस वेगवेगळ्या तपासण्या एकदम केल्या तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर पडण्याची शक्यताच जास्त.

मग माझा उलटा प्रश्न: रक्त कधी दिलंस आणि त्याआधीचा डोस कधी घेतला होतास? इस्ट्रॅडिओलची (म्हणजे इस्ट्रोजेनची) गोळी जिभेखाली ठेवली की पातळी काही तासांत झपाट्याने चढते आणि तशीच उतरते. त्यामुळे सकाळी गोळी घेऊन तासाभरात दिलेलं रक्त आणि गोळी घेण्याआधी दिलेलं रक्त, यांची तुलना करण्यात अर्थ नाही. इंजेक्शनवाल्यांनी दोन डोसांच्या मधला दिवस धरायचा की पुढच्या डोसच्या आधीचा, हे डॉक्टरांशी ठरवावं आणि दर वेळी तेच पाळावं. एककही बघा. इस्ट्रॅडिओलचे मिलीलिटरमागे १०० पिकोग्रॅम म्हणजे लिटरमागे साधारण ३६७ पिकोमोल. लॅब बदलली आणि पातळी ‘चौपट झाली’ म्हणून रडवेला फोन येतो तो बहुतेक यामुळेच.

खरी गुंतागुंत इतर औषधांची. मी थायरॉइडची गोळीही घेते. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे थायरॉइड हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन रक्तात वाढतं. थायरॉइडच्या गोळीचा आधीचा डोस मग अपुरा पडू शकतो आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, वर जातो. इस्ट्रोजेनचा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायचा, त्याआधी घाई करून उपयोग नाही.

आणि केसांच्या गोळ्या! त्यांना कुणी औषध मानत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगतही नाही. त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, कधीकधी रोजच्या गरजेच्या शेकडो पट. काही लॅबच्या चाचणीपद्धतीत ते लुडबुड करतं. टीएसएच खोटाच कमी दिसतो, इस्ट्रॅडिओल खोटंच जास्त. रक्त देण्याआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारून घ्या, डोस मोठा असेल तर निदान दोन दिवस तरी. माझ्या यादीत डोकेदुखीच्या गोळीपासून प्रोटीन पावडरपर्यंत सगळं लिहिलेलं असतं. डॉक्टर हसतात, पण वाचतात.

एका आकड्याच्या बाबतीत मात्र मी ‘थांब, बघू’ म्हणत नाही: पोटॅशियम. टेस्टोस्टेरॉन दाबायला दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी ते शरीरात साठवते. सोबत रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी असेल, किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक सुरू झालं असेल, तर ते आणखी चढतं. कधीकधी आकडा फसवाही असतो. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी पोटॅशियम वाढलेलं दिसतं, आणि रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘नमुना हिमोलाइज्ड’ असं लिहिलेलं असतं. पण तो खरा की खोटा हे घरी बसून ठरवता येत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, सगळ्या गोळ्यांची नावं वाचून दाखवायची आणि ते सांगतील तसं रक्त पुन्हा द्यायचं. छातीत धडधड किंवा अंगात एकदम अशक्तपणा असेल तर फोनही नको, सरळ इमर्जन्सी गाठायची.