लिंबाची फांदी

२१ एप्रिल, मंगळवार. रात्रीचे अकरा.

काल संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूनं आभाळ भरून आलं आणि बघता बघता धुळीनं समोरची घरं दिसेनाशी झाली. मी गच्चीवर कुरडया गोळा करायला धावले. पाटी घेऊन जिन्यात आले तोच कडाड असा आवाज झाला. जवळच वीज पडली असं वाटलं. पाऊस उघडल्यावर बाहेर येऊन बघते तर दारातल्या लिंबाची अख्खी फांदी गाडीवर! पुढची काच पार तडकलेली, बॉनेट मधोमध दबलेलं, एक आरसा तुटून लोंबतोय. वायपरच्या खाचेत लिंबाचा ओला पाला आणि हिरव्यागार बारक्या लिंबोळ्या गच्च भरल्या होत्या. त्यांचा कडवट वास रात्रभर हाताला होता.

पाऊस जेमतेम वीस मिनिटं पडला. फांदी मोडली ती वाऱ्यानं. दरवर्षी नववीच्या पोरांना हे शिकवते. आपल्याकडे एप्रिलमध्ये ढगाखालची हवा इतकी कोरडी असते की पडणारे थेंब वाटेतच सुकतात. सुकताना ते हवेतली उष्णता ओढून घेतात, हवा गार आणि जड होते आणि दाणकन खाली आदळून चहूकडे पसरते. म्हणून वारा आधी, पाऊस मागून. फळ्यावर बाण काढून शिकवणं वेगळं आणि आपल्याच दारात ते बघणं वेगळं.

आणि याला सगळे 'अवकाळी' म्हणतात ते मला पटत नाही. चैत्र-वैशाखात वळीव यायचाच, त्याची ती वेळच आहे. जानेवारीत मंगळवेढ्याच्या ज्वारीवर पडतो तो अवकाळी. अर्थात ज्याचा बेदाणा अजून शेडवर वाळतोय त्याच्या दृष्टीनं कालचाही अवकाळीच म्हणायचा. त्याच्या नुकसानीपुढं माझी गाडी काहीच नाही. तरी जीव तुटला, खोटं कशाला लिहू?

ही गाडी २०१८ची. पंचेचाळिशी उलटल्यावर मी हिच्यावरच चालवायला शिकले. पहाटे होम मैदानाजवळ हे शेजारी बसून "क्लच सोड, हळू सोड" म्हणायचे आणि माझ्या पायाला घाम सुटायचा. तेव्हापासून रोज वळसंगची शाळा आणि परत. फांदी उचलताना मी गाडीच्या दारावरून हात फिरवत होते, हे शेजारच्या अक्कांनी बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत, चहा घेऊन आल्या.

रात्री नऊनंतर विमा कंपनीच्या फोनवर माणूस मिळेना. मोबाईलवर लिहून बोलायची सोय होती, तिथं सगळं मराठीतून लिहिलं. क्षणात उत्तर आलं : "हे वाचून मला खूप वाईट वाटलं. आपण आणि आपले कुटुंबीय सुखरूप आहात ना?"

माझे डोळे भरून आले. गल्लीतल्या सगळ्यांनी गाडीचं विचारलं होतं. पुण्याच्या लेकानंसुद्धा आधी "पॉलिसी चालू आहे ना?" हेच विचारलं. तू बरी आहेस का, हे पहिल्यांदा विचारलं ते यंत्रानं.

मी लिहिलं, "तुला खरंच वाईट वाटतं का?" उत्तर : "आपली अडचण मी पूर्णपणे समजू शकते." शकते! म्हणजे बाई. पुढं मुद्द्याचं सगळं नीट आलं : गाडी हलवू नका, चारी बाजूंनी आणि फांदीसकट फोटो काढा, नंबरप्लेट दिसू द्या, सर्वेअर नुकसान बघून जाईपर्यंत दुरुस्ती करू नका. मग मी विचारलं, माझे पैसे किती कापले जातील? त्यावर पुन्हा "आपली चिंता मी समजू शकते". तीनदा विचारलं, तीनदा तेच. तिसऱ्या वेळी मात्र ते वाक्य अंगावर आलं. दवाखान्यात कुणी खांद्यावर हात ठेवावा आणि त्याच हातानं हळूच दाराकडं ढकलावं, तसं.

लेकाशी यावर तासभर बोलले. तो म्हणाला, "आई, त्याला काही वाटत नसतं. माणसांनी लिहिलेल्या ढीगभर मजकुरावरून ते शिकलंय, अशा वेळी माणूस काय बोलतो ते." मग त्यानं १९६६ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्राम केला होता. आपलंच वाक्य थोडं फिरवून तो प्रश्न म्हणून परत विचारायचा, बाकी काही नाही. तरी त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलता बोलता त्यांना म्हणाली, जरा बाहेर जाता का? तो प्रोग्राम तयार होताना तिनं बघितला होता, तरीसुद्धा. मला ती बाई अगदी जवळची वाटली.

यंत्राला जीव लावणं आमच्या घराला नवीन नाही. अण्णा पूर्व भागातल्या एका कारखान्यात चादरीच्या मागावर होते. खंडेनवमीला ते माग पुसायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे आणि लाकडाला कपाळ टेकायचे. उन्हाळ्यात माग बंद करताना म्हणायचे, "ह्याला बी इसावा पायजे." मी लहान होते, मला ते खरं वाटायचं. आता वाटतं, अण्णांना काय म्हणायचं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. माया त्यांची होती, ती त्यांनी मागापाशी ठेवली. मागानं कधी "मला पण तुमची काळजी वाटते" असं म्हटलं नाही. कारखान्याच्या मालकानंही ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं नाही.

इथंच माझं अडतं. यंत्राला भावना आहेत की नाहीत, हा वाद हुशार माणसांनी घालावा. मला राग आहे तो ते वाक्य तिथं बसवणाऱ्याचा. ज्याला वाईट वाटतं त्यानं त्यापायी काहीतरी करायला हवं. रात्री जागायला हवं, फोन फिरवायला हवा, निदान आकडा तरी सांगायला हवा.

आकडा आज दुपारी सर्वेअरांनी सांगितला. घामाघूम होऊन आले, पाणी प्यायले आणि पहिला प्रश्न, "मॅडम, चालू करून बघितली का?" नाही म्हटल्यावर मान डोलावली. आमच्या शाळेतल्या एका सरांचं मला आठवलं. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला, तेव्हा त्यांची गाडी गावाकडं अंगणात रात्रभर पाण्यात होती. सकाळी त्यांनी किल्ली फिरवली. पाणी काही हवेसारखं दबत नाही. ते सिलिंडरात शिरलं की पिस्टन अडतो आणि रॉड वाकतो. 'इंजिन प्रोटेक्ट'चं जादा कव्हर नव्हतं, क्लेम नामंजूर झाला. पाण्यातल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही, टो करून न्यायची, हे पॉलिसी विकताना कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

माझं असं : नुसता थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता विमा असता तर वादळाचा एक रुपया मिळाला नसता. पूर्ण विमा आहे, पण 'झिरो डेप', म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर नाही. गाडी पाच वर्षांच्या वर गेलेली, म्हणून बॉनेटच्या पत्र्याच्या किमतीत ४० टक्के घसारा, रबर-प्लास्टिकला ५० टक्के. काचेला घसारा नाही, हे ऐकून बरं वाटलं. वर सक्तीचे हजार रुपये माझ्या खिशातून. आणि पाच वर्षं क्लेम न केल्यामुळं मिळणारा ५० टक्के बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, पुढच्या वर्षी शून्यावर. सर्वेअरांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर बेरीज-वजाबाकी मांडून दाखवली आणि म्हणाले, "तरीबी क्लेम करा, परवडतंय." फोटो काढून झाल्यावर खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून खाचेतला पाला त्यांनीच मोकळा केला. पाणी तुंबून आतली वायरिंग खराब होते म्हणाले. मला वाईट वाटलं असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी गाडी ओढून गॅरेजला नेली. आठवड्यात मिळेल म्हणतात.

आत्ता मोबाईलवर विचारलंय, आमच्याशी बोलून कसं वाटलं? मी लिहिलं : "फोटोंबद्दलच्या सूचना उत्तम होत्या. कुटुंबीय सुखरूप आहेत ना, हा प्रश्न राहू द्या. 'मला वाईट वाटलं' आणि 'मी समजू शकते' ही दोन वाक्यं काढा आणि तिथं रात्री उचलला जाईल असा एका माणसाचा नंबर द्या."

उद्या सकाळची शाळा आहे, आठवीचा भूगोलाचा पेपर. सहाची एसटी गाठायची, म्हणजे पाचला उठावं लागेल. कुरडया भिजल्यात थोड्या; त्या सकाळी अक्कांकडं द्यायच्या, त्या वाळवून ठेवतील.