जॉन लेजंड होण्यापूर्वीचा जॉन स्टीव्हन्स

सप्टेंबर लागला की फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, म्हणजे इथल्या बोलीतल्या ‘पेन’मध्ये, वाद्यांवाचून गाणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट जागोजागी उभे राहिलेले दिसतात. अर्धवर्तुळात उभी असलेली बारा-पंधरा मुले, पुढे एक मुख्य गायक किंवा गायिका, आणि मागे गिटारचे, बासचे, ड्रमचे काम तोंडानेच करणारे बाकीचे. नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे ओढण्याची ही गटागटांमधली चढाओढ असते. या अ कॅपेला गटांचे अमेरिकेतील महाविद्यालयांना असलेले वेड जुने आहे. येल विद्यापीठातील ‘व्हिफनपूफ्स’ हा गट 1909 पासून गातो आहे आणि कोल पोर्टर हा नामवंत गीतकार-संगीतकार विद्यार्थिदशेत त्या गटात होता. मला मात्र कुतूहल आहे ते आमच्याच गावात घडलेल्या एका गायकाचे.

ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जन्मलेला जॉन स्टीव्हन्स वयाच्या अवघ्या 16 व्या वर्षी पेनमध्ये आला. लहानपणापासून चर्चमध्ये पियानो वाजवणारा आणि गाणारा हा मुलगा इथे शिकत होता ते इंग्रजी साहित्य, त्यातही आफ्रिकन-अमेरिकन साहित्य. संगीत चालले होते ते वर्गाबाहेर, ‘काउंटरपार्ट्स’ या जॅझ आणि पॉप गाणाऱ्या अ कॅपेला गटात. मुले आणि मुली एकत्र गात असलेल्या या गटाचा तो पुढे अध्यक्ष झाला आणि संगीत दिग्दर्शकही. आज जग त्याला जॉन लेजंड या नावाने ओळखते.

संगीत दिग्दर्शक हे पद ऐकायला भारदस्त वाटले, तरी त्यामागचे काम अतिशय कष्टाचे असते. हे गट विद्यार्थीच चालवतात. तालीम घेणारा, गाणी निवडणारा, कार्यक्रमासाठी सभागृह मिळवणारा आणि तिकिटे खपवणारा, सगळे विद्यार्थीच. रेडिओवर गाजणारे गाणे गटाला गायचे असेल, तर दिग्दर्शकाने मूळ ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा ऐकायचे, त्यातील प्रत्येक वाद्याची ओळ कानाने वेगळी काढायची आणि ती कोणत्या गळ्याला झेपेल हे ठरवून मांडणी करायची. मागे उभ्या असलेल्यांच्या वाट्याला शब्द फारसे येत नाहीत. ‘डू’, ‘डम’, ‘जिन’ अशा अक्षरांवर त्यांना संपूर्ण गाणे तोलून धरायचे असते. आपल्याकडे तबल्याचे बोल तोंडाने म्हणणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण इथे हे बोल शिकताना म्हणण्यासाठी नसून तेच प्रत्यक्ष वादन असते.

ख्याल गायकीची तालीम घेतलेल्या माणसाला हे गाणे ऐकताना आधी थोडे चमत्कारिक वाटते. आपल्याकडे गायक मधोमध बसतो आणि साथीदार त्याच्या मागे जातात. गायकाने जागा घेतली की पेटी ती टिपते. इथे दहा जणांनी मिळून आपला आवाज ओळखू येणार नाही याचीच काळजी घ्यायची असते. आवाजातील कंप आवरायचा, ‘आ’ आणि ‘ओ’ यांचा उच्चार सर्वांनी सारखाच करायचा आणि श्वाससुद्धा एकाच वेळी घ्यायचा नाही, म्हणजे ऐकणाऱ्याला स्वर अखंड चालल्यासारखा वाटतो. थोडक्यात, प्रत्येकाने तानपुऱ्याची एक तार व्हायचे. ही उपमा मी केवळ हौसेने देत नाही. जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, तोच गंधार हे गट कानाने शोधत असतात. पियानोवरचा गंधार त्याहून सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी 14 भाग, चढा असतो. पियानो बाजूला गेला की गळ्यांना त्या बंधनातून सुटका मिळते, गंधार किंचित उतरतो आणि स्वरसंगती अशी काही जुळते की खोलीत नसलेले वरचे स्वरही ऐकू येऊ लागतात. उलट बाजूही आहेच: धरून ठेवायला वाद्य नसल्यामुळे सगळा गट नकळत खाली घसरू शकतो, आणि गाणे संपताना सूर देणाऱ्याची छोटी पिचपाइप वाजवून पाहिली की किती उतरलो ते चव्हाट्यावर येते.

जॉनच्या काळातील काउंटरपार्ट्सचे ‘वन ऑफ अस’ हे गाणे विशेष गाजले. मूळ गाणे जोन ऑस्बोर्नने 1995 मध्ये गायलेले, आणि ते लिहिणारा एरिक बझिलियन हा फिलाडेल्फियाच्याच ‘द हूटर्स’ या बँडचा. काउंटरपार्ट्सच्या गायनात मुख्य आवाज जॉनचा होता आणि ते ध्वनिमुद्रण देशभरातील महाविद्यालयीन गटांतून निवडलेल्या गाण्यांच्या 1998 च्या ‘बेस्ट ऑफ कॉलेज अ कॅपेला’ या संकलनात घेतले गेले. त्याच वर्षी आलेल्या गायिका लॉरिन हिलच्या अल्बममधील ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’ या गाण्यात त्याने पियानोही वाजवला. शिवाय सुमारे 200 किलोमीटरवरच्या स्क्रँटन येथील एका चर्चमध्ये तो गायनवृंदाचे दिग्दर्शन करीत असे. अभ्यास केव्हा होत असेल, हा प्रश्न माझ्यातल्या मध्यमवर्गीय पालकाला पडतो. पण 1999 मध्ये तो रीतसर पदवीधर झाला आणि बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या व्यवस्थापन सल्लागार कंपनीत नोकरीलाही लागला. ‘गेट लिफ्टेड’ हा त्याचा अल्बम यायला 2004 उजाडले.

त्याचा आवाज चर्चने घडवला, हे सगळेच सांगतात. त्याच्या गाण्यांत मागच्या आवाजांना जी मानाची जागा असते, ती मात्र मला काउंटरपार्ट्सची देणगी वाटते. इतरांच्या गळ्यांसाठी ओळी बेतण्यात ज्याने ऐन उमेदीची वर्षे घालवली, त्याला कोठे थांबायचे हे वेगळे शिकवावे लागत नाही. पुण्यातील आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांनी कित्येक नटांना अभिनयाबरोबरच दिग्दर्शन, प्रकाशयोजना आणि माणसे सांभाळण्याची कला शिकवली, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

जॉन इथे शिकत असतानाच, 1996 मध्ये, भारतीय वंशाच्या काही विद्यार्थ्यांनी याच विद्यापीठात ‘पेन मसाला’ हा गट सुरू केला. दक्षिण आशियाई संगीत गाणारा हा पहिला अ कॅपेला गट. हिंदी चित्रपटगीत आणि इंग्रजी पॉप गाणे एकाच मांडणीत गुंफण्याची त्यांची पद्धत आता सर्वपरिचित आहे. 1999 मध्ये ‘आवाज’ हा त्यांचा पहिला अल्बम आला, 2009 मध्ये व्हाइट हाउसमधील दिवाळी समारंभात ते गायले आणि 2015 च्या ‘पिच परफेक्ट 2’ या चित्रपटातही झळकले. विद्यापीठाच्या अर्व्हाइन सभागृहात 10,000 हून अधिक नळ्या असलेला प्रचंड ऑर्गन आहे. त्याच छताखाली ही मुले एकही वाद्य न घेता, मुरक्यांसकट हिंदी गाणी गातात, याची मला मोठी गंमत वाटते. मुरकी मात्र मुख्य गायकालाच शोभते. मागच्या सर्वांनी ती घेतली, तर स्वरसंगतीचे तीन तेरा वाजतात.

ज्यांची मुले यंदा पदवीच्या शिक्षणासाठी इकडे यायची आहेत, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. या गटांच्या निवडचाचण्या सत्राच्या सुरुवातीलाच उरकतात, त्यामुळे आधी स्थिरस्थावर होऊ आणि मग पाहू असे म्हटले तर वर्ष हातचे जाते. संगीत हा मुख्य विषय असण्याची अट नसते. चाचणीत एक गाणे म्हणवतात, आवाजाचा पल्ला पाहतात, आणि पियानोवर काही स्वर वाजवून ते जसेच्या तसे गायला लावतात. सरगमचा रियाझ केलेल्या मुलांचा इथे चांगलाच निभाव लागतो. गाणे निवडताना तानांची आतषबाजी असलेले निवडू नये. आवाज सरळ लावून, शेजारच्याचे ऐकत ज्याला गाता येते, त्याला दुसऱ्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता अधिक.