ऋजुसूत्र नय आणि माझा कॅमेरा

घरचं गुऱ्हाळ बंद करायचं दादाने ठरवलं तेव्हा मी पुण्यात होते. फोनवर त्याला नको नको ते बोलले. त्याची कारणं खरी होती. मजूर मिळत नाहीत, कसलेला गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, शोधून सापडत नाही, आणि ऊस सरळ साखर कारखान्याला घातला की हंगामभर रात्री जागायला लागत नाही. पण मला वाटणारं दुःखही खरंच होतं. आजोबांनी पेटवलेलं चुलवाण विझणार होतं.

कोल्हापूर-सांगलीकडच्या आम्हा जैन शेतकऱ्यांच्या घरात मुलांना पाठशाळेत सात नय पाठ करायला लावतात: नैगम, संग्रह, व्यवहार, ऋजुसूत्र, शब्द, समभिरूढ, एवंभूत. नय म्हणजे वस्तूकडे एका बाजूने पाहणं. ते पाहणं खोटं नसतं. तेवढंच खरं असा हट्ट धरला की मात्र त्याचा दुर्नय होतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं. शेवटच्या हंगामाला रजा काढून गावी गेले, तेव्हा ठरवलं की एका वेळी एकच नय धरून फोटो काढायचे.

संग्रह नय सगळ्यांतलं सामाईक तेवढं बघतो, म्हणून वाइड लेन्स लावून लांबून फोटो घेतले: चिमणी, धूर, उसाच्या मोळ्या, माणसं, सगळं एकाच चौकटीत. व्यवहार नय भेद करतो, म्हणून दुसऱ्या दिवशी एकेक वस्तू टिपली: मळी काढायची झारी, वाळत घातलेली चिपाडं, ढेपेच्या साच्यातलं ओलं फडकं.

ऋजुसूत्रापाशी मी अडकले. हा नय फक्त आत्ताची अवस्था मानतो, काल नाही आणि उद्याही नाही. कॅमेरा दुसरं काय करतो? पहाटेच्या थंडीतून आत गेलं की लेन्सवर वाफ धरायची. काच गरम होईपर्यंत नुसतं उभं राहायचं. मग रस उकळायच्या मोठ्या कढईवर, काहिलीवर, फोकस. शटर १/१००० सेकंदच उघडं ठेवलं, तर उकळत्या रसाचा एकेक बुडबुडा काचेच्या मण्यासारखा थिजलेला दिसला. तीच काहिल ट्रायपॉड लावून अर्ध्या सेकंदाला घेतली, तर बुडबुडे गायब, नुसतं सोनेरी धुकं. दोन्ही फोटो खरे, आणि दोन्हींत काहीतरी राहूनच गेलेलं. गुळव्यामामा रसाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघत होते. त्यांना माझे दोन्ही फोटो नको होते. काहिल उतरवायची वेळ त्यांना बोटांतच कळत होती.

त्या रात्री समंतभद्र या जैन आचार्यांच्या ‘आप्तमीमांसा’ ग्रंथातला दृष्टांत पुन्हा वाचला. सोन्याची घागर मोडून मुकुट केला. ज्याला घागर हवी होती तो रडला, ज्याला मुकुट हवा होता तो हरखला, ज्याला सोनं हवं होतं तो शांत राहिला. पाठशाळेत मी तिसऱ्यालाच शहाणा समजायचे. आता पहिल्याच्या रडण्यालाही कारण आहे, असं आचार्य स्वच्छ सांगतायत हे लक्षात आलं, आणि मला फार बरं वाटलं. माझं रडणं खोटं ठरवायची गरज नव्हती, आणि दादाला पाषाणहृदयी ठरवायचीही नव्हती.

मग एक दिवस मुद्दाम दादा उभा राहतो त्या जागेवरून फोटो काढले. तिथून काहिल दिसतच नाही. दिसतात वजनकाटा, हिशेबाची वही आणि न आलेल्या मजुरांच्या रिकाम्या जागा. इतक्या वर्षांत मी तिथे उभीच राहिले नव्हते.

प्रिंट काढून सोप्यात मांडले. “किती फोटो काढतीस गं,” म्हणत दादाने सगळे बघितले आणि धुक्याचा फोटो बाजूला काढला. “अण्णा रात्री असंच बघत बसायचे,” एवढंच म्हणाला. मग बोलत बसलो, अण्णा, आमचे वडील, गेल्यानंतर पहिल्यांदाच इतका वेळ.

गुऱ्हाळ बंद झालं. काहिल विकली. चिमणी पाडायची की ठेवायची यावर आमचं अजून एकमत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे, कारण वहिनीला यात काय वाटतं हे आम्ही दोघांनीही तिला अजून विचारलेलं नाही.