तुम्ही विचारलंत म्हणून : तुम्ही बायका मशिदीत कुठे बसता?

आमच्या गावात एका रविवारी 'मस्जिद परिचय' झाला. त्या दिवशी मशिदीची दारं सगळ्या जातिधर्मांच्या लोकांसाठी उघडी असतात. वजू, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुणं, कसा करतात, अजानचा अर्थ काय, हे समजावून सांगतात आणि शेवटी सरबत देतात. उपक्रम चांगला आहे, महाराष्ट्रात बऱ्याच गावांत होतो. सोमवारी शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या चित्रकलेच्या मॅडम खुशीत होत्या. "आत किती शांत वाटतं हो! आणि भिंतीत ती कोनाड्यासारखी जागा, तिला काय म्हणता तुम्ही?"

मी म्हटलं, "मेहराब."

"हां, मेहराब. त्यावरची अक्षरं किती सुरेख आहेत! तुम्ही बायका कुठे बसता?"

त्या मेहराबवर काय लिहिलंय ते मी कधी पाहिलेलंच नव्हतं. मशीद आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथली फज्रची, म्हणजे पहाटेची, अजान ऐकत मी ४८ वर्षांची झाले. त्या रविवारी आमच्यातल्या बायका गेल्या असत्या तर बहुतेक कुणी अडवलं नसतं. पण निमंत्रण इतरांना होतं, आणि आमचे पाय त्या पायरीपाशी आपोआप थांबतात.

"तुमच्यात बायकांना मशिदीत बंदी आहे ना?" असं मला स्टाफरूममध्ये विचारतात, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, लेकीच्या मैत्रिणी विचारतात. काहींना खरंच जाणून घ्यायचं असतं. काहींनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं, त्यांना फक्त माझ्या तोंडून ऐकायचं असतं. दोघांनाही मी एकच सांगते. धर्मात बंदी नाही, आमच्या मशिदीत जागा नाही. आता एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी ती पायरी सांगते. मगरीबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज सुटायच्या वेळेला कुठल्याही जुन्या मशिदीबाहेर जाऊन बघा, दाराच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या दिसतील. कुणाच्या कडेवर रडरडून थकलेलं तान्हं पोर, कुणाच्या हातात झाकण उघडलेली पाण्याची बाटली. नमाजी एकेक करून बाहेर येतात, चपला पायात सरकवतात, ओठांतल्या ओठांत कुराणातली आयत म्हणत पोराच्या कपाळावर फुंकर घालतात, बाटलीवर फुंकर घालतात आणि पुढे जातात. त्या रांगेत हिंदू आयाही असतात, आमच्याकडे तर असतातच. लहानपणी मला दृष्ट लागली, ताप उतरेना, तेव्हा अम्मीनं मलाही तिथे उभं राहून फुंकर घालून आणलं होतं. मला आठवतो तो अत्तराचा आणि ओल्या हातांचा वास. पुढे माझ्या लेकीला घेऊन मी त्याच जागी उभी राहिले.

तेव्हा मी अम्मीला विचारलं होतं, "आपण आत का जात नाही?" ती म्हणाली, "अंदर कायको जाना, दुआ बाहर बी लगती." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तिचा अल्लाहवर पुरा भरवसा होता. पण मला वाटतं, इथेच काहीतरी चुकलं आहे. ज्या अल्लाहपुढे बाई आणि पुरुष दोघांना स्वतःचा हिशेब स्वतःच द्यायचा आहे, त्याच्या घराशी आमचं नातं दुसऱ्याच्या फुंकरीतून का असावं?

मदिनेत पैगंबरसाहेबांच्या मशिदीत असं नव्हतं. बायका पाचही वेळच्या नमाजांना यायच्या. पुढे पुरुषांच्या सफा, म्हणजे रांगा, मागे बायकांच्या, मध्ये भिंत नव्हती की पडदा नव्हता. नमाज लांबवायचा विचार असतानाही मागून मुलाचं रडणं ऐकू आलं की पैगंबर ती आटोपती घ्यायचे, कारण त्या आईचा जीव तिकडे लागलेला असेल. ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वागण्या-बोलण्याची नोंद, बुखारी या हदीससंग्रहात आहे. मला ती फार जवळची वाटते. रडणारं मूल मशिदीत होतं, म्हणजे त्याची आईही तिथे होती आणि तिला कुणी घरी जा म्हणालं नाही. नमाज तिच्या सोयीनं लहान झाली.

"अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका" हे तर पैगंबरांच्याच स्पष्ट शब्दांत आहे. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या पत्नी फज्र आणि इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजेला मशिदीत जायच्या. कुणीतरी विचारलं, उमर यांना हे आवडत नाही हे माहीत असून तुम्ही का जाता? त्या म्हणाल्या, मग ते मला मना का करत नाहीत? उत्तर मिळालं की पैगंबरांचं ते वाक्य त्यांना अडवतं. एवढ्या करारी माणसालाही स्वतःची नावड बाजूला ठेवावी लागली. आज आमच्या गल्लीतल्या ट्रस्टींच्या नावडीला मात्र कुणी अडवत नाही.

दुसरी बाजूही मी लपवणार नाही. बाईची नमाज घरात जास्त चांगली, अशीही हदीस आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांचं वचन आहे की नंतरच्या काळातलं बायकांचं वागणं पैगंबरांनी पाहिलं असतं तर त्यांना मशिदीत यायला मना केलं असतं. धर्मशास्त्राच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत; आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी आहेत, कोकणातले शाफई. नंतरच्या हनफी उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, याच आधारावर, फितना म्हणजे मोह-अनर्थ होईल या भीतीनं, बायकांचं मशिदीत जाणं मकरूह, म्हणजे नापसंत, ठरवलं. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, नमाज पुरुषावर फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे, बाईवर नाही. घरी तान्हं मूल असतं, आजारी माणूस असतं, म्हणून तिला ही मोकळीक. माझं म्हणणं एवढंच की ही सवलत होती. सवलत घ्यायची की नाही हे जिला दिली तिनं ठरवायचं असतं. आमच्याकडे ती दुसऱ्यांनी ठरवली आणि पुढे तिचं कुलूप झालं.

बरं, हे सगळीकडे सारखं असतं तरी समजून घेतलं असतं. भोपाळच्या ताज-उल-मसाजिदचं बांधकाम तिथल्या नवाब शाहजहान बेगमच्या कारकिर्दीत सुरू झालं आणि तिथे बायकांसाठी वेगळी जागा आहे. केरळात मुजाहिद या सुधारणावादी चळवळीच्या आणि जमात-ए-इस्लामीच्या मशिदींत बायका जुम्म्याला जातात. चीनच्या हेनान प्रांतात तर बायकांच्या स्वतंत्र मशिदी आहेत आणि तिथे शिकवणारी, नमाज पढवणारीही बाईच असते. आणि मक्का? माझी सासू उमराह, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करून आली. काबागृहाभोवती तिनं सात फेरे घातले, आजूबाजूला पुरुषच पुरुष. कुणाचा खांदा लागत होता, कुणी तिला हात धरून सावरलं. जगातल्या सगळ्यात पवित्र मशिदीत ती हे करून आली आणि परत येऊन पुन्हा आमच्या गल्लीतल्या त्या पायरीबाहेर उभी राहिली.

लोक हाजीअलीचं उदाहरण देतात. तिथे आधी फरक लक्षात घ्या, तो दर्गा आहे. दर्ग्यात बायका पिढ्यान् पिढ्या जात आल्या आहेत. आमच्या मिरजेतल्या दर्ग्याच्या आवारात गुरुवारी बघा. हाजीअलीतही २०११-१२ पर्यंत बायका मजारीपर्यंत, म्हणजे कबरीपर्यंत, जात होत्या, नंतर ट्रस्टनं त्यांना रोखलं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या झकिया सोमण आणि नूरजहाँ सफिया नियाज कोर्टात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी राज्यघटनेच्या विरोधात ठरवली आणि नोव्हेंबरच्या शेवटी बायका पुन्हा आत गेल्या. त्या दिवशीचे फोटो मी वर्तमानपत्रातून कापून ठेवले आहेत.

मशिदींचा प्रश्न २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही पुण्यातल्या एका जोडप्यानं नेला. नवरा-बायको दोघांनी मिळून अर्ज केला, याचं मला फार कौतुक आहे. त्या सुनावणीत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं लिहून दिलं की बायकांना मशिदीत नमाजेसाठी जायला इस्लामची मनाई नाही. २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं, फक्त स्त्री-पुरुषांनी एकत्र मिसळू नये, आणि नव्या मशिदी बांधताना बायकांच्या जागेचा विचार व्हावा असंही म्हटलं. म्हणजे देशातली एवढी मोठी उलेमांची संस्था कोर्टात 'मनाई नाही' म्हणते. मग आमच्या दाराशी कोण अडवतं?

अडवत कुणी नाही, हेच तर अवघड आहे. पाटी नाही, पहारेकरी नाही. वजूखाना एकच, उघडा, तिथे पुरुष बाह्या वर करून बसलेले. बाईला डोक्यावरून ओला हात फिरवायचा, पाय धुवायचे, ते कुठे? संडास एकच. दार एकच. इमारतीनंच सांगून टाकलेलं असतं की तुमचा विचार केलेला नाही. सांगलीला कपडे घ्यायला गेलो की असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेच्या, वेळेला नवरा पिशव्या माझ्याकडे देऊन मशिदीत जातो. मी फूटपाथवर उभी. नमाज माझ्यावरही तितकीच फर्ज आहे, घरी पोचेपर्यंत वेळ निघून जातो. एकदा रमजानमध्ये याच कारणानं मी रोजा दुकानाच्या पायरीवर सोडला, पर्समधल्या दोन खजुरांवर.

वेगळं बसायला माझी हरकत आहे का, असंही विचारतात. नाही. सजद्यात, म्हणजे जमिनीला कपाळ टेकायला, जाताना मागे कुणी परका पुरुष नसावा असं मला मनापासून वाटतं. मागची सफ मला कमीपणाची वाटत नाही. पण मागची सफ म्हणजे त्याच छताखाली, इमामाचा आवाज कानावर पडेल अशी. एका मोठ्या शहरात बायकांची सोय आहे म्हणून मी हौसेनं गेले. तळघरात खोली, लाउडस्पीकर लावलेला. दुसऱ्या रकातीत, म्हणजे नमाजेच्या दुसऱ्या आवर्तनात, आम्ही सजद्यात गेलो आणि स्पीकर बंद पडला. तीसेक बायका, कपाळं जमिनीला टेकलेली, उठायचं कधी ते कळेना. माझ्या शेजारच्या म्हातारीचा श्वास जोरात चालला होता. शेवटी कुणीतरी एकटीच उठली, मग दुसरी. जमात, म्हणजे एकत्र नमाज, मोडली, प्रत्येकीनं आपापली नमाज पुरी केली. वर पुरुषांना यातलं काही कळलंसुद्धा नाही. वेगळं ठेवणं आणि दृष्टीआड करणं या दोन गोष्टी आहेत, आणि माझा झगडा दुसऱ्या गोष्टीशी आहे.

काही बायका याच्याही पुढे गेल्या. २००५ मध्ये न्यूयॉर्कला इस्लामच्या अभ्यासक अमीना वदूद यांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र जमातीला जुम्म्याची नमाज पढवली. मशिदींनी जागा दिली नाही, म्हणून ती एका चर्चच्या इमारतीत झाली. २०१८ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात कार्यकर्त्या जमीदा यांनी तेच केलं आणि त्यांना धमक्या आल्या. मला इमामत करायची नाही, मिश्र जमातीत उभंही राहायचं नाही. पण धमकी देणाऱ्यांच्या बाजूला मी कधीच नसेन.

मला सगळ्यात जास्त काय हवंय सांगू? खुतबा, म्हणजे इमामाचं जुम्म्याचं प्रवचन, आणि त्याआधीचं बयान, म्हणजे मौलानांचं भाषण. दर शुक्रवारी आमचे पुरुष तासभर ऐकतात. तलाक, मेहेर, वारसा, मुलींचं शिक्षण, यावर मौलाना काय बोलले ते आमच्यापर्यंत येतं जेवणाच्या ताटावर, नवऱ्याच्या आठवणीतून, अर्धंमुर्धं. शंका विचारायची सोय नाही. उम्मे हिशाम नावाच्या एक सहाबी, म्हणजे पैगंबरांच्या सहवासातल्या, बाई होत्या. त्यांनी सांगून ठेवलंय की सूरह काफ, हा कुराणातला एक अध्याय, त्यांनी पैगंबरांच्या तोंडून जुम्म्याचा खुतबा ऐकता ऐकता पाठ केली. एक पूर्ण सूरह, नुसती ऐकून. मी एम.ए. झाले, मुलांना इतिहास शिकवते, आणि माझ्या मशिदीत गेल्या शुक्रवारी काय सांगितलं हे मला नवऱ्याला विचारावं लागतं.

चित्रकलेच्या मॅडमनी विचारल्यावर मी गप्प राहिले होते. त्या आठवड्यात अर्ज लिहिला, मशिदीच्या ट्रस्टला. मशिदीला लागून मदरशाची खोली आहे, दुपारी रिकामी असते, तिला मागच्या बोळातून वेगळं दार आहे. तिथे दोन नळ, एक संडास, चटया आणि आतला आवाज येईल असा स्पीकर, एवढंच मागितलं. नळांचा खर्च मी देईन असंही लिहिलं. गल्लीतल्या १९ बायकांनी सह्या केल्या. अम्मीला सही येते, तरी तिनं अंगठा पुढे केला, हात कापतो म्हणून. मी शाई लावली आणि तिचा अंगठा कागदावर टेकवला.

ट्रस्टींपैकी एक चाचा अब्बांचे दोस्त आहेत. अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बेटी, खोलीचं बघता येईल. पाण्याच्या लाइनीचं विचारावं लागेल." मी दुसऱ्याच दिवशी प्लंबरला घेऊन गेले. मागच्या बोळातून लाइन येते म्हणाला, तीस फूट पाइप लागेल. तो हिशेब लिहून चाचांच्या घरी दिला आहे. येत्या शुक्रवारी बैठक आहे.