उपकारस्तुतीच्या सभा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत वर्षातून एकदा उपकारस्तुतीची सभा भरत असे, आणि ती अजूनही भरते. इतर उपासनांमध्ये पाळक बोलत आणि मंडळी ऐकत असे; या एका सभेत मात्र मंडळीच अधिक बोलायची, म्हणून ती आम्हा सर्वांना विशेष जवळची वाटे. सरत्या वर्षात देवाने आपल्यासाठी काय केले हे ज्याने त्याने उभे राहून सांगावे, म्हणजेच साक्ष द्यावी, मध्ये मध्ये गीते व्हावीत, दानार्पण व्हावे आणि शेवटी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस, घेऊन घरी जावे, असा तिचा साधा क्रम होता. तो क्रम एके वर्षी बदलला, आणि या सभांच्या माझ्या आठवणींचे त्यामुळे आपोआपच दोन भाग पडले आहेत.

सभेची सुरुवात बायबलमधील स्तोत्र १३६ च्या वाचनाने होई. या स्तोत्रात २६ वचने आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी देवाची दया सनातन असल्याचे तेच पालुपद येते. वचनाचा पहिला भाग एकाने वाचायचा आणि पालुपद सर्वांनी मिळून म्हणायचे, अशी रीत होती. मागच्या बाकांवर बसलेली आम्ही मुले बोटांवर वचने मोजत असू आणि अमोऱ्यांचा राजा सीहोन व बाशानचा राजा ओग यांची नावे आली की आता थोडेच उरले, म्हणून सावरून बसत असू. स्तोत्राची बांधणी तेव्हा ध्यानात येण्यासारखी नव्हती. आकाश, पृथ्वी, सूर्य आणि चंद्र यांपासून ते सुरू होते, मग मिसर देशातून झालेली सुटका, तांबडा समुद्र, रानातला प्रवास आणि वतन म्हणून मिळालेला देश असे पुढे जाते, आणि सर्व प्राण्यांना अन्न देणाऱ्या देवाचा उल्लेख येतो तो थेट २५ व्या वचनात. देव कोण आहे आणि त्याने आपल्या लोकांना कसे सोडवले हे आधी. रोजची भाकर त्यानंतर.

आमच्या साक्षींचा क्रम नेमका याच्या उलट असे. नोकरी लागली, बढती मिळाली, मुलगी परीक्षेत पहिली आली, शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, घराचे काम पुरे झाले, अशी यादी होई आणि शेवटी घाईघाईने प्रभूचे नाव घेतले जाई. मंडळीचे चिटणीस मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवत आणि वेळ संपली की खाकरत. त्यांच्या खाकरण्याला दाद न देणारी काही ठराविक मंडळी होती आणि त्यांची साक्ष आली की सभागृहात हलके हसू पसरे. हे सारे मला आजही प्रिय आहे. ज्याने वर्षभर कोणाजवळ तोंड उघडले नाही असा माणूस त्या दिवशी उभा राहून थरथरत्या आवाजात दोन वाक्ये बोलला, तर ती दोन वाक्ये ऐकायला मिळणे हीसुद्धा मंडळीवर झालेली कृपाच होती. तरीही वर्षे गेली तशा साक्षी एकमेकींसारख्या होऊ लागल्या, आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखे यश नव्हते ते खाली मान घालून बसू लागले किंवा त्या दिवशी येईनासे झाले.

याच सुमारास एक वयस्क पाळकसाहेब आमच्या मंडळीत आले. पहिल्याच वर्षी त्यांनी उपकारस्तुतीच्या सभेसाठी लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातील, येशूने बरे केलेल्या ज्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परत आला, त्यांचा उतारा घेतला, तेव्हा परत न आलेल्या नऊ जणांचा आता खरपूस समाचार घेतला जाणार, अशी आमची खात्री होती. पाळकसाहेबांनी उलट त्या नऊ जणांची बाजू मांडली. येशूने त्यांना याजकांकडे जाण्यास सांगितले होते आणि ते तिकडेच निघाले होते. बरा झालेल्या माणसाने याजकाकडून तपासून घ्यावे, असा नियम जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात सविस्तर दिलेला आहे. म्हणजे त्यांनी आज्ञा मोडली नव्हती, आणि देवाविषयी त्यांच्या मनात काहीच नव्हते असे म्हणण्यासही आधार नाही. कदाचित त्यांनी याजकासमोर मनापासून देवाचे आभार मानलेही असतील. फरक एवढाच, की दहावा माणूस, जो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका होता, तो वाटेतच मागे वळला आणि येशूच्या पायांशी पालथा पडला. बरे झाले दहाही जण. पण ज्याने बरे केले तो त्या एकालाच पुन्हा भेटला. इतके सांगून पाळकसाहेबांनी पुढच्याच अध्यायातील परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी) यांचा दाखला वाचला आणि एकच प्रश्न विचारला: परूश्याची प्रार्थना कोणत्या शब्दांनी सुरू होते? ती आभारांनीच सुरू होते. आठवड्यातून दोनदा उपास आणि सर्व मिळकतीचा दशांश, हे सारे त्याने देवाचे आभार मानता मानताच सांगितले आहे. सभागृहात त्या वेळी कोणी हसले नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी कार्यक्रमाचा क्रमच बदलण्याची सूचना मांडली: प्रभुभोजन आधी आणि साक्षी नंतर. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत यावरून बराच वाद झाला. प्रभुभोजन हा उपासनेचा कळस आहे, त्याने सभेचा शेवट व्हावा हेच योग्य, असे जुन्या पंचांचे म्हणणे होते, आणि ते काही वावगे नव्हते. भोजन झाल्यावर लोक थांबणार नाहीत, ही दुसरी शंका अधिक व्यावहारिक होती. पाळकसाहेबांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय पुढे ठेवला. ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. वल्हांडण या मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या भोजनाला स्तोत्र ११३ ते ११८ गाण्याची यहुदी परंपरा आहे, आणि मार्कच्या १४ व्या अध्यायात प्रभू व शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले असे म्हटले आहे. स्तोत्र ११८ चे पहिले आणि शेवटचे वचन एकच आहे, आणि ते परमेश्वराचे आभार मानण्यास सांगते. त्या रात्री हेच स्तोत्र गायिले गेले असेल, तर वधस्तंभाकडे जाताना आपल्या प्रभूच्या ओठांवर उपकारस्तुती होती. पाळकसाहेबांचे म्हणणे असे, की ख्रिस्ती माणसाचे आभार याच ठिकाणाहून निघतात. आधी त्या मेजाशी जाऊन मग बोलायला उभे राहिलो, तर काय बोलायचे ते आपोआप निवडले जाईल. अखेर एक वर्ष करून पाहू, असे ठरले.

ते वर्ष मला सर्वांत स्पष्ट आठवते. भोजनानंतर साक्षींसाठी वेळ खुला झाला आणि बराच वेळ कोणी उठलेच नाही. चिटणीसांचे घड्याळ समोर ठेवलेले होते आणि त्यांना खाकरण्याचे काही कारण मिळत नव्हते. मग त्याच वर्षी पती वारलेल्या एक बाई उठल्या. यंदा आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही, तरी एक स्तोत्र वाचते, एवढेच बोलून त्यांनी स्तोत्र १३ वाचले. ते अवघ्या सहा वचनांचे आहे. ‘किती काळ’ हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो आणि शेवटी गायक परमेश्वराने आपल्यावर उपकार केले म्हणून गाण्याचा निश्चय करतो. वाचून त्या बसल्या. आमेन म्हणावे की म्हणू नये हे कोणालाच कळेना. त्यानंतर जे उठले त्यांत काहींनी नोकरीचे आणि परीक्षेचेही सांगितले, आणि ते सांगणे गैर होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण त्या दिवशी ते वेगळ्या सुरात आले. एका तरुणाला नोकरी मिळाली नव्हती. त्यानेही उभे राहून आभार मानले आणि नोकरीसाठी प्रार्थना करण्याची विनंतीही केली. यापूर्वीच्या सभांत हे घडले असते, असे मला वाटत नाही.

तरुण संघाकडे या सभेतील दहा मिनिटे असत. त्यात मंडळीच्या इतिहासातील एखादा प्रसंग सांगायचा असे. दोन प्रसंग माझ्या मनात राहिले आहेत. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमी अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजन याला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोकांची चौकशी करून मिळालेली माहिती दिली आहे: ते ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात. हे लिहिणारा माणूस ख्रिस्ती लोकांना शिक्षा देणारा होता, आणि तरीही त्यांच्या सभेत मध्यभागी कोण असतो हे त्याने अचूक टिपले. दुसरा प्रसंग जर्मनीतील आयलेनबुर्ग येथील पाळक मार्टिन रिंकार्ट यांचा. तीस वर्षांचे युद्ध चालू असताना १६३७ मध्ये त्या नगरात महामारी आली. इतर पाळक मरण पावले किंवा निघून गेले, आणि त्या एका वर्षात रिंकार्ट यांनी चार हजारांहून अधिक लोकांचे अंत्यविधी केले असे सांगतात. त्यांची पत्नीही त्याच वर्षी वारली. आज जगभरच्या मंडळ्या रिंकार्ट यांना ओळखतात ते त्यांनी रचलेल्या आभाराच्या गीतामुळे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन आम्ही भिंतीवरच्या फलकावर नेहमी वाचत असू. त्यातील ‘सर्व’ या शब्दात किती काय मावते, याचा अंदाज मला हा प्रसंग ऐकताना आला.

बदललेला क्रम पुढे कायम झाला. लोक भोजनानंतर निघून जातील ही शंका अगदीच खोटी ठरली नाही; थोडे जण जातात. सभा लांबते अशी तक्रारही दरवर्षी होते आणि ती रास्त आहे.

पाळकसाहेबांच्या निवृत्तीचे वर्ष आले, तेव्हा याच सभेत त्यांचा सत्कार करावा असे सर्वांनी ठरवले होते. त्यांनी त्यास साफ नकार दिला. माझा सत्कार अवश्य करा, मला तो आवडेल, पण या सभेत नको, असे त्यांनी पंचांना सांगितले. त्यामुळे सत्कार पुढच्या शनिवारी वेगळा झाला. त्या दिवशी ते पुढच्या रांगेत बसून प्रत्येक भाषण मोठ्या आवडीने ऐकत होते, आणि एका वक्त्याने त्यांच्या आगमनाचे साल चुकीचे सांगितले, तेव्हा त्यांनी जागेवरूनच ते दुरुस्त केले.