सातबारा कुणाच्या नावावर?

संडे स्कूलमधे बाईंनी एकदा विचारलं, येशूचं आडनाव काय? आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, ख्रिस्त! बाई हसल्या आणि म्हणाल्या, अरे आडनाव लावायचंच तर नासरेथकर लावा, आपण कसे नगरकर तसा तो, ख्रिस्त ही पोस्ट आहे. तेव्हा काही डोक्यात शिरलं नव्हतं, पण ते पोस्ट बरोबरच होतं. हिब्रूत माशियाख, ग्रीकमधे ख्रिस्तोस, दोन्हीचा अर्थ एकच, अभिषिक्त, म्हणजे ज्याच्या डोक्यावर तेल ओतून त्याला कामाला लावलंय असा माणूस. इस्राएलच्या शौल राजाला ओतलं, दावीद राजाला ओतलं, आणि गंमत म्हणजे बायबलातल्या यशयाच्या ४५ व्या अध्यायात चक्क पारसाचा राजा कोरेश, जो यहूदीही नव्हता, त्यालासुद्धा अभिषिक्त म्हटलंय, कारण बाबेलच्या बंदिवासातले लोक त्याच्यामुळे घरी परतले.

म्हणजे ही पोस्ट राजाची. आणि राजा म्हटलं की जमीन आली, हे आपण चर्चमधे बसून सोयीस्करपणे विसरतो.

यरीहोच्या रस्त्यावरचा तो आंधळा बार्तीमय आठवा. लोक गप्प बस म्हणतायत आणि हा जास्तच जोरात ओरडतोय, दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर! आपल्याला ती भक्ती वाटते पण रोमन सत्तेखाली भर रस्त्यात कुणाला दाविदाचा वारस म्हणणं म्हणजे जुन्या गादीवर हक्क सांगणारा आलाय असं जाहीर करणं. दाविदाला नाथान संदेष्ट्याने सांगितलं होतं ना, तुझं राजासन कायम टिकेल, आणि मग इ.स.पू. ५८६ मधे यरुशलेम पडलं, राजा कैद झाला, गादी रिकामी. तेव्हापासून लोक वाट बघत होते. येशू स्वतः मात्र बहुतेक वेळा स्वतःला मनुष्याचा पुत्र म्हणतो, ऐकायला किती साधं, पण दानीएलच्या ७ व्या अध्यायात ढगांवरून येणाऱ्या ज्या मनुष्याच्या पुत्रासारख्याला कायमचं राज्य मिळतं तो हाच शब्द. शेवटी वधस्तंभावर पाटी लागली तीही यहूद्यांचा राजा अशीच, हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक, तिन्ही भाषांत, कुणाची वाचायची राहू नये म्हणून.

आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांचा प्रश्न काय? तर इस्राएलचं राज्य आता परत मिळणार का? तो म्हणाला काळवेळ जाणून घेणं तुमचं काम नाही. राज्यबिज्य काही नाही असं काही तो म्हणाला नाही हं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून पहिल्या काही शतकांत बरेच ख्रिस्ती लोक पृथ्वीवरच राज्य येणार असंच मानायचे, प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या २० व्या अध्यायातली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं शब्दशः धरून. पापियास नावाच्या बिशपचं वर्णन तर भारीच आहे, एका वेलीला दहा हजार फांद्या, असं दहा दहा हजारांनी वाढत वाढत शेवटी एकेका घडाला दहा हजार द्राक्षं. (आमच्या नाशिकच्या बागायतदारांना सांगू नका, भाव पडेल.) पुढे संत ऑगस्टिन, जो आधी स्वतःही काहीसं असंच मानायचा, त्याने सांगितलं की ती हजार वर्षं म्हणजे मंडळीचा, म्हणजे चर्चचाच काळ, आणि मोठ्या चर्चमधे तेच रुळलं. ज्यांना घाई होती त्यांचं काय झालं ते बघा, १५३४ मधे जर्मनीतल्या म्यून्स्टरमधे एका शिंप्याने स्वतःला राजा घोषित केलं, शेवट इतका वाईट की त्याची आणि साथीदारांची प्रेतं ज्या पिंजऱ्यांत टांगली ते पिंजरे आजही तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर आहेत. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या प्रचारकाच्या लोकांनी येशू परत येणार म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीखच धरली, रात्र जागून काढली आणि सकाळी नेहमीसारखा सूर्य उगवला. त्यामुळे ऑगस्टिनचं मला पटतं. डोक्याला पटतं.

पण माझी आजी. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेलं. आमच्याकडे नगर जिल्ह्यात मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेली बरीच घरं अशीच, ज्यांच्या नावावर बांधाएवढीही जमीन नव्हती. तिला स्वर्ग, सोन्याचे रस्ते वगैरेत फारसा रस नव्हता. तिच्या बायबलमधे यशयाचा ६५ वा अध्याय बोटं लागून काळपट झालाय, घरं बांधतील ते स्वतःच त्यात राहतील, लावतील ते स्वतःच खातील, एकाने लावायचं आणि दुसऱ्याने खायचं असं होणार नाही. एकदा भर प्रार्थनासभेत तिने विचारलं होतं, "पाळकसाहेब, त्या राज्यात सातबारा कुनाच्या नावावर ऱ्हाईल?" सगळे हसले. ती नाही हसली.

मागच्या महिन्यात आमच्या आत्ताच्या पाळकांना मी हा किस्सा सांगितला, तरुण आहेत, सेमिनरीतून नुकतेच आलेत. म्हणाले, दादा, ते आत्मिक अर्थाने घ्यायचं असतं. मी बरं म्हटलं. मग चहा पिता पिता त्यांनीच विचारलं, "आजींची जमीन कुठे होती?"

"नव्हतीच," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि बायबल काढून ६५ वा अध्याय उघडला.